विंचूदंशातील परिचर्या
विंचवाच्या नांगीतील विष शरीरात गेल्यामुळे श्वसन, रक्ताभिसरण आणि शरीरातील पाणी व लवणे यांच्या संतुलनात जे विकार उद्‌भवतात, त्यांवर वैद्यकीय उपचार चालू असताना रुग्णाची जी शुश्रूषा करावी लागते, तिला विंचूदंशातील परिचर्या म्हणता येईल. भारतात आढळणाऱ्या बहुतेक विंचवांचा दंश वेदनेपुरताच असतो. आकाराने मोठ्या काळ्या विंचवाची (काही भागांत इंगळीची) लोकांना अधिक भीती वाटते. परंतु त्याचा दंश सहसा प्राणघातक ठरत नाही. खरा धोका तांबड्या विंचवाचा (हॉटेंटोट्टा टॅम्युलस, पूर्वीची नावे बूथस टॅम्युलस व मेसोबूथस टॅम्युलस) असतो. त्याच्या दंशाचे वैशिष्ट्य असे की, रुग्णाच्या शरीरातून घाम, वांती व लाळ यांवाटे पाणी व लवणे सतत बाहेर पडत असतात आणि त्याच वेळी त्याच्या फुप्फुसांत पाणी साचू लागते. बाहेर गेलेल्या पाण्याची भरपाई घाईने केल्यास फुप्फुसांतील पाण्यात भर पडते व ती मुळीच न केल्यास रक्तदाब कोसळतो. या दोहोंमधील अरुंद वाट धरून रुग्णास पहिले चोवीस तास पार करविणे, हे या परिचर्येचे मुख्य काम होय.

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके आणि त्यांस लागून असलेला कोकणपट्टीचा भाग तांबड्या विंचवाच्या उपद्रवाबद्दल प्रसिद्ध आहेत. रायगड किल्ल्याच्या पायथ्याचे पाचाड हे गाव व त्याच्या आसपासच्या सह्याद्रीच्या खोबणीतील वाड्या यांची परिस्थिती या दृष्टीने प्रातिनिधिक आहे. रचलेल्या दगडांचे गडगे, भाताच्या पेंढ्याच्या उडव्या, जळणासाठी रचलेली फाटी, शेणी व कौलारू छपरे या सर्व जागा विंचवाला मानवतात. तो निशाचर असल्यामुळे दंश बहुधा संध्याकाळनंतर, अनवाणी चालताना, जळण उचलताना किंवा जमिनीवर झोपले असता होतात. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर–ऑक्टोबर या महिन्यांत त्यांचे प्रमाण वाढते. पाचाडहून महाडचे अंतर सु. २५ किमी. आहे, पण वरच्या वाडीतून रुग्णाला डोलीत किंवा पाठीवर घेऊन रात्री रस्त्यापर्यंत यायलाच कधीकधी याहून अधिक वेळ लागतो. मांत्रिकाकडे नेण्यात वा झाडपाल्याचा लेप लावण्यात गेलेला वेळ त्यात मिळवावा लागतो. विषाचा परिणाम मात्र थांबून राहत नाही.

विषाची क्रिया : तांबड्या विंचवाच्या विषात लहान आकारमानाची अनेक प्रथिने असतात. तंत्रिकांच्या व स्नायूंच्या पेशीपटलांत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम इत्यादींच्या आयनांची ये-जा होण्यासाठी स्वतंत्र मार्ग असतात. विषातील काही प्रथिने सोडियमाचे मार्ग वेळेवर मिटू देत नाहीत, तर काही पोटॅशियमाचे मार्ग बंद करतात. या दुसऱ्या प्रकारातील इबेरिओटॉक्सिन हे ३७ ॲमिनो अम्लांचे प्रथिन याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळे करण्यात आले व पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पोटॅशियम मार्गांच्या अभ्यासाचे ते एक नेहमीचे साधन बनले. आयनांच्या या गोंधळामुळे स्वायत्त तंत्रिका तंत्र अनावर उद्दीपित होते. प्रथम परानुकंपी विभागाची लक्षणे दिसतात : वांत्या, भरपूर घाम, तोंडाला पाणी सुटणे, मंद नाडी. त्यांच्या मागोमाग अनुकंपी विभाग जोर धरतो व ॲड्रेनॅलीन, नॉरॲड्रेनॅलीन या द्रव्यांचा रक्तात लोंढा येतो. त्वचेतील व इतरत्रच्या सूक्ष्म रोहिण्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब एकदम चढतो. या आकुंचित वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाचे डावे निलय थकते, त्याच्या मागे फुप्फुसांतील केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि रक्तातील द्रव वायुकोशांत पाझरतो. यालाच फुप्फुसशोफ म्हणतात. काही रुग्णांत तो दंशानंतर अर्ध्या तासातच, तर काहींत कित्येक तासांनी होतो. या विकारात श्वसनाचा त्रास फुप्फुसात दिसत असला, तरी त्याचे मूळ आकुंचित रक्तवाहिन्यांत व शिणलेल्या हृदयात असते, ही गोष्ट परिचारिकेने पक्की ध्यानात ठेवावी. दम्याच्या रुग्णाच्या शुश्रूषेचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

महाड येथील संशोधन : या विकाराच्या आधुनिक चिकित्सेचा पाया मोठ्या शहरातील रुग्णालयात नव्हे, तर महाड तालुक्यातील बिरवाडी येथे घातला गेला. डॉ. हिंमतराव बावसकर हे १९७६ मध्ये तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट मुले व तरुण माणसे रात्रीत फुप्फुसशोफाने दगावताना त्यांनी पाहिली. त्या वेळी वेदनाशामके, प्रतिहिस्टामिने, स्टेरॉइडे, ॲट्रोपीन आणि गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण असे उपचार प्रचलित होते व त्यांचा उपयोग फारसा होत नव्हता. इझ्राएलमध्ये मोशे गुएरॉन व त्यांचे सहकारी यांनी तेथील विंचवाच्या दंशाचे हृदयावर होणारे परिणाम १९७० च्या सुमारास वर्णिले होते. परंतु खेड्यातील डॉक्टरला उपयोगी पडेल असे मार्गदर्शन त्यातून मिळण्यासारखे नव्हते. बावसकर यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, श्वसन व हातापायांचे तापमान यांच्या नोंदी तासातासाने ठेवल्या. वांती, भरपूर घाम, पुरुषांत अनैच्छिक शिश्नोत्थान आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचक लक्षणे होत, हा त्यांचा निष्कर्ष लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. या नोंदींसाठी रक्तदाबमापक, घड्याळ, श्रवणनलिका व हाताचा तळवा यांपलीकडे फारसे काही लागले नव्हते. चांगल्या परिचर्येची साधनेही तीच आहेत.

रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यावयाचे हे यावरून ठरले. प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड नीलेतून थेंबाथेंबाने देण्यात आले. ते प्रभावी होते. पण त्यासाठी बाटली प्रकाशापासून झाकून ठेवावी लागते, रक्तदाब मिनिटामिनिटाला पहावा लागतो व माणूस जागचा हलू शकत नाही. पुढे प्राझोसीन हे तोंडाने देता येणारे व अनुकंपी तंत्रिकांचे रक्तवाहिन्यांवरील परिणाम (आल्फा ग्राही) रोखणारे औषध वापरले जाऊ लागले. त्यासंबंधीचा डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचा अहवाल लॅन्सेटमध्येच १९८६ मध्ये आला. त्यांनी दिलेल्या माहितीनुसार पश्चिम भारतात १९६१–८३ या काळात फुप्फुसशोफ झालेल्या विंचूदंशाच्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. १९८४ पासून प्राझोसीनचा वापर सुरू झाल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. गोळी तोंडाने देता येत असल्यामुळे उपचाराचे ठिकाण जिल्ह्याच्या गावाहून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सरकले आणि त्याबरोबर परिचारिकेची जबाबदारीही वाढली. बावसकर यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.

परिचर्या : रुग्ण येताच प्रथम तो कोणत्या गटात मोडतो हे पहावे. दंशाच्या जागी असह्य वेदना आहेत, रुग्ण ओरडतो आहे, पण वांती नाही, घाम नाही व हातपाय ऊबदार आहेत, तर प्राणाचा धोका बहुधा नसतो. बर्फाचा शेक, पॅरासिटामॉल किंवा ॲड्रेनॅलीनविरहित स्थानिक बधिरकाचे अंतःक्षेपण यांनी त्याला आराम पडतो. मात्र त्यालाही काही तास नजरेखाली ठेवावे. याउलट जो शांत पडून आहे, कपाळावर घामाचे थेंब आहेत, दोनदा वांती झाली आहे व ज्याची पावले गार आहेत, तो खरा रुग्ण होय. गर्दीच्या रात्री आरडाओरड करणाऱ्याकडे आधी लक्ष जाते व हा दुसरा मागे राहतो. शिश्नोत्थानाचे लक्षण घरची माणसे संकोचाने सांगत नाहीत. ते विचारून व पाहून नोंदले पाहिजे, विशेषतः लहान मुलग्यांत. दंशाच्या वर घट्ट दोरी बांधलेली असल्यास ती सोडावी. जखमेवर छेद घेणे, ती चोखणे किंवा डागणे यांचा उपयोग नसून अपाय मात्र होतो.

नोंदींमध्ये श्वसनाचा वेग सर्वांत महत्त्वाचा मानावा. तो पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना, पोटाची हालचाल पाहून मोजावा. १५ सेकंद मोजून चौपट करण्याच्या सवयीने लहान मुलांत चूक होते. एक ते पाच वर्षे वयाच्या मुलात मिनिटाला ४० किंवा अधिक, तर दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक श्वास हे जलद श्वसनाचे लक्षण समजतात. पण ठराविक आकड्यापेक्षा मागील नोंदीशी केलेली तुलना अधिक बोलकी असते. अर्ध्या तासापूर्वी २८ असलेला वेग ३६ झाला, तर तो मर्यादेत असला तरी डॉक्टरांना कळविला पाहिजे. कोरडी, वारंवार येणारी ढास, अस्वस्थता, उशी मागणे किंवा उठून बसण्याची धडपड ही पाणी साचू लागल्याची चिन्हे होत. पाठीवर खालच्या बाजूस श्रवणनलिका ठेवल्यास केस चोळल्यासारखा बारीक आवाज येतो. तोंडावाटे गुलाबी फेस येणे हे पाठ्यपुस्तकातील प्रसिद्ध लक्षण. पण ते दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो व त्याची वाट पाहणे ही शुश्रूषेतील चूकच म्हटली पाहिजे. बोटाला लावावयाचा ऑक्सिजनमापक आता ग्रामीण रुग्णालयांतही असतो. मात्र गार व रक्तहीन झालेल्या बोटावर त्याचे वाचन विश्वसनीय नसते. ते कानाच्या पाळीवर घेऊन पहावे.

हातापायांचे तापमान हा औषधाच्या परिणामाचा मापक आहे. तळव्याने रुग्णाची बोटे, घोटा, पोटरी व गुडघा क्रमाने चाचपून गारवा कोठपर्यंत आहे याची नोंद करावी. रोहिण्या सैल होऊ लागल्या की ही सीमा खाली सरकते. नातेवाईक मायेने रुग्णाचे पाय चोळतात किंवा त्यांना गरम पाण्याची पिशवी लावतात. तसे करू देऊ नये. रक्तपुरवठा कमी असलेली त्वचा चटकन भाजते आणि बाहेरून आलेल्या उबेमुळे ही नोंदही फसवी होते. घाम टिपून कोरडे पांघरूण घालणे पुरेसे असते.

प्राझोसीन साधारणतः वजनाच्या दर किग्रॅ.ला ३० मायक्रोग्रॅम या प्रमाणात डॉक्टरांच्या आदेशानुसार देतात व हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी ते पुन्हा देतात. गोळी वांतीतून पडली नाही ना, हे पहावे लागते. सावकाश विरघळणारी गोळी मोडून किंवा कुटून देऊ नये. पहिल्या मात्रेनंतर रुग्ण उभा राहिल्यास रक्तदाब एकाएकी उतरून तो मूर्च्छित होऊ शकतो. म्हणून त्याला अंथरुणातच ठेवावे, लघवीलाही उठू देऊ नये. मूल रडू लागले की आई त्याला उचलून खांद्याशी धरते. हे उभे धरणे त्या वेळी धोक्याचे असल्यामुळे आईलाच त्याच्या शेजारी आडवे होण्यास सांगावे. दुसऱ्या बाजूने, धाप लागलेल्या रुग्णास आडवे पाडल्यास त्याचा श्वास कोंडतो. अशा रुग्णाची पाठ उशांवर टेकवून, रक्तदाब वारंवार पाहत, त्याला अर्धवट बसते ठेवावे व ऑक्सिजन द्यावा. कोणती स्थिती केव्हा द्यावयाची हा निर्णय त्या क्षणीच्या रक्तदाबावर व श्वसनावर अवलंबून असतो. त्याबद्दल एकच नियम सांगता येत नाही. फुप्फुसशोफ वाढल्यास नायट्रोग्लिसरीन किंवा नायट्रोप्रुसाइड नीलेतून देतात, हृदय दुर्बल होऊन रक्तदाब घसरल्यास डोब्युटामीन देतात आणि श्वसनयंत्राचे साहाय्य घेतात. याची सोय नसेल, तर वेळीच पुढे पाठविण्याची व्यवस्था करावी.

घाम व मंद नाडी पाहून ॲट्रोपीन देण्याचा मोह होतो. त्यामुळे घाम आटतो व नाडी वाढते, पण अनुकंपी विभागावरील उरलासुरला अंकुशही जातो. मॉर्फीन व तत्सम औषधेही टाळतात. मूत्रल औषधाचा सरसकट वापर, विशेषतः ज्याने बरेच पाणी गमावले आहे अशा रुग्णात, रक्तदाब आणखी उतरवितो.

पाणी व लवणे : रक्तद्रवात सोडियम साधारणपणे लिटरला १३५ ते १४५ मिलितुल्यांक व पोटॅशियम ३·५ ते ५ मिलितुल्यांक असते. विंचूदंशात घामावाटे मुख्यतः सोडियम व क्लोराइड आणि वांतीवाटे क्लोराइड, अम्ल व काही पोटॅशियम जाते. कपडे भिजून अंथरूण ओले होण्याइतका घाम येतो. त्याचे मापन करता येत नाही, पण किती वेळा कपडे बदलावे लागले हे लिहून ठेवल्यास अंदाज बांधता येतो. वांतीचे व लघवीचे माप मात्र घेतलेच पाहिजे. जीभ व ओठ कोरडे असणे, लघवी कमी होणे, नाडी बारीक व जलद होणे ही पाणी कमी पडल्याची चिन्हे होत. या तहानेल्या रुग्णास घरची माणसे साधे पाणी भरपूर पाजतात. गेलेले पाणी खारट व आलेले पाणी आळणी, असे झाल्यास रक्तातील सोडियम उतरते. मग गुंगी, डोकेदुखी व मुलांत झटके येतात आणि हा सर्व विषाचाच प्रभाव असे समजले जाते. केवळ ग्लुकोजचे द्रावण नीलेतून दिल्यासही हेच घडते.

पोटॅशियमाची वाटचाल याहून फसवी असते. आरंभी विष व ॲड्रेनॅलीन यांमुळे ते पेशींतून रक्तात उतरते व विद्युत् हृल्लेखात ‘टी’ तरंग उंच व टोकदार दिसतात. पुढे वांत्या, मूत्रल औषधे, डोब्युटामीन किंवा इन्शुलीन यांमुळे तेच कमी होते. स्नायू लुळे पडणे, पोट फुगणे व नाडी अनियमित होणे ही लक्षणे तेव्हा दिसतात. म्हणून लघवी होत आहे याची खात्री झाल्याशिवाय व हृल्लेख किंवा रक्ततपासणी पाहिल्याशिवाय बाटलीत पोटॅशियम मिसळू नये. दंशानंतर रक्तशर्कराही वाढते. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील के. राधाकृष्ण मूर्ती यांनी त्यावरून इन्शुलीन, ग्लुकोज व पोटॅशियम यांची उपचारपद्धती सुचविली होती; तीत रक्तशर्करा व पोटॅशियम यांवर सतत लक्ष ठेवावे लागत असल्यामुळे लहान आरोग्य केंद्रात ती चालविणे अवघड आहे.

भरपाईचा सुरक्षित मार्ग तोंडाचा आहे. वांती थांबताच मीठ, साखर व पोटॅशियमयुक्त जलसंजीवनी चमच्या-चमच्याने द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या मिश्रणाच्या एक लिटर द्रावणात सोडियम ७५ व पोटॅशियम २० मिलितुल्यांक असते. वांत्या थांबत नसल्यास व रक्तदाब कमी असल्यास लवणयुक्त द्राव नीलेतून देतात. मात्र त्या वेळी बाटलीकडे पाहण्यापेक्षा रुग्णाच्या श्वासाकडे अधिक पहावे. साधारण १० किग्रॅ. वजनाच्या बालकाची नेहमीची गरज तासाला सु. ४० मिलि. असते. मिलि.ला ६० थेंब पडणारा सूक्ष्म संच वापरल्यास मिनिटाला जितके थेंब पडतील तितके मिलि. तासाला जातात, त्यामुळे मोजणी सोपी होते. मोठा संच सैल सोडून ५०० मिलि.ची बाटली अशा बालकाला तासाभरात देऊन टाकणे म्हणजे फुप्फुसशोफाला आपण होऊन बोलावणे होय. दर अर्ध्या तासाने पाठीवर श्रवणनलिका ठेवावी व बारीक आवाज येऊ लागताच द्राव थांबवून डॉक्टरांना बोलवावे.

प्रतिविष : तांबड्या विंचवाच्या विषाविरुद्ध घोड्याच्या रक्तापासून बनविलेले प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून उपलब्ध झाले. विंचूदंशात प्रतिविष उपयोगी आहे किंवा नाही याबद्दल दीर्घकाळ वाद होता. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही; अर्थात तेथील विंचू वेगळे व अनेक रुग्ण सौम्य होते. महाड येथील ७० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ च्या आरंभी आले. केवळ प्राझोसीन दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ८, तर प्राझोसीनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. आधीच सुटलेल्या ॲड्रेनॅलिनाला ते आवरू शकत नाही. त्यामुळे ते लवकर दिले तरच फळते आणि प्राझोसीनची जागा घेऊ शकत नाही. ते देताना अंगावर पित्त उठणे, खोकला, श्वास घुरघुरणे, रक्तदाब उतरणे यांकडे लक्ष ठेवून ॲड्रेनॅलीन, ऑक्सिजन व श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची साधने हाताशी असावीत.

रुग्णास महाडसारख्या ठिकाणी हलविताना परिचारिका किंवा प्रशिक्षित व्यक्ती बरोबर असणे इष्ट असते. दंशाची वेळ, पहिल्या वांतीची वेळ, दिलेले औषध व त्याची वेळ, दिलेल्या द्रावाचे माप आणि श्वसनाचे शेवटचे तीन आकडे एवढे चिठ्ठीवर लिहिलेले असले, तर पुढील डॉक्टरचा अर्धा तास वाचतो. वाटेत नीलेतील द्राव मंद ठेवावा. घाटवळणांवर तो बंद पडणे परवडते, भरधाव सुटणे परवडत नाही. धाप असलेल्या रुग्णास गाडीतही टेकवून बसवावे.

हातपाय ऊबदार झाल्यावर, घाम थांबल्यावर व श्वसन पूर्वपदावर आल्यावरही रुग्णास चोवीस तास ठेवून घेतात. बऱ्याच जणांना हातपाय गरम होऊ लागताच दंशाच्या जागी वेदना पुन्हा जाणवू लागतात. ते सुधारणेचे चिन्ह असून त्याबद्दल नातेवाइकांस आधी सांगून ठेवावे. दंशस्थानी मुंग्या येणे आणखी एक-दोन दिवस राहू शकते. हृल्लेखातील फरक काही दिवस टिकत असल्यामुळे त्या काळात डोक्यावर ओझे वाहणे, नांगरणे व डोंगर चढणे टाळण्यास सांगतात. घरी जाताना पादत्राणे व अंथरूण झटकून वापरणे, खाट भिंतीपासून दूर ठेवणे, जळण व पेंढा घराच्या भिंतीला लागून न रचणे आणि रात्री दिव्याशिवाय बाहेर न पडणे या गोष्टी समजावून सांगाव्यात. पुन्हा कोणास दंश झाल्यास पहिली वांती किंवा घाम दिसताच निघावे, वेदना वाढण्याची वाट पाहू नये, हेही त्याच वेळी सांगावे.